क्लचवरचा पाय

मी एक जुनी, छोटी, चार दारांची गाडी आहे. कधीकाळी मी लालभडक होते. आता टपावरचा रंग उन्हाने विटून गुलाबी झाला आहे, आणि मागच्या दाराला एक पोचा आहे, त्याविषयी मी बोलणार नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू बोलायला लागल्या की रडगाणे गातात, असे तुम्ही म्हणाल. थोडे मीही गाईन. पण मला खरे तर माझ्यापेक्षा आमच्या काकूंबद्दल सांगायचे आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लोखंडी हात वरून खाली येत, ठिणग्या उडत, आणि मी एकेका भागाने गाडी होत गेले. शेवटी एका बाईंनी माझी चारही दारे उघडून बंद करून पाहिली आणि समाधानाने मान हलवली. ती माझी पहिली शाबासकी.

मला विकत घेतले काकांनी. त्यांचे चष्म्याचे दुकान आहे. लांबचे, जवळचे, सगळ्यांचे नंबर ते बिनचूक काढतात. काकू घरी पडदे शिवतात. मागच्या खोलीत त्यांचे शिलाईचे यंत्र आणि छताला टेकलेले कापडाचे गठ्ठे. पहिली दोन वर्षे माझे फार लाड झाले. सुट्टीच्या दिवशी काका मला स्वतः धूत आणि शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने शीळ वाजवत.

मग नव्याची नवलाई संपली. गाडी घेताना लोक एकदाच खिशात हात घालतात, पण आमचे पोट कायमचे असते. दरवर्षी विमा, ठरावीक काळाने ऑइल, गुळगुळीत झालेले टायर, थंडीच्या सकाळी नेमकी उतरणारी बॅटरी. काकांनी हात आखडता घेतला. ऑइल बदलायचे पुढच्या महिन्यावर जाऊ लागले. "पांढरा हत्ती पोसतोय," असे ते म्हणत. माझ्या आकाराच्या गाडीला हत्ती म्हणायचे, म्हणजे कमालच झाली.

काकूंनी गाडी शिकायचे ठरवले, त्याचे कारण पडदे. काका दुकान बंद करून येईपर्यंत तयार पडदे दारात पडून राहत आणि गिऱ्हाईक तोंड वाकडे करी. काकू शिकल्या, आणि झकास शिकल्या. शिलाईच्या यंत्राचे पायडल किती दाबायचे आणि कधी उचलायचे, हे त्यांच्या पायांना वर्षानुवर्षे ठाऊक होते. त्यांनी गिअर बदलला तरी मला कळत नसे. परवाना हातात आला त्या दिवशी त्या एकट्याच माझ्यात बसून, माझे इंजिन बंद असताना, बराच वेळ हसत होत्या.

आता थोडे माझ्या पोटातले सांगते. इंजिन आणि चाके यांच्या मध्ये क्लचप्लेट नावाची एक चकती असते. क्लच दाबला की दोघांची फारकत होते, सोडला की गट्टी. पण क्लचवर पाय नुसता टेकवून ठेवला तर धड फारकत नाही आणि धड गट्टी नाही. ती चकती बिचारी घासत राहते आणि झिजते. काकांचा डावा पाय कायम क्लचवर असे. आरामखुर्चीत बसून स्टुलावर ठेवावा, तसा. चढावर थांबायचे झाले तरी ब्रेक न लावता ते मला अर्ध्या क्लचवर तोलून धरत. मी थरथरून सांगितले. जळका वास सोडून सांगितले. काकांनी काच वर केली आणि पुढच्या ट्रकला नावे ठेवली.

शेवटी क्लचप्लेट गेली. गॅरेजमधल्या मेकॅनिकने हात पुसत सहज विचारले, "गाडीवर कोणी नवीन शिकतंय का?"

काका हसून म्हणाले, "ही शिकलीय ना नुकतीच. मग काय होणार?"

काकांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना ते अगदी खरे वाटले. काकू शेजारीच उभ्या होत्या.  त्यांनी कानाला खडा लावला. परवाना कपाटात गेला, आणि कोणी विचारले की त्या म्हणत, "मला नाही बाई जमत." रुग्णालयाच्या पडद्यांचे मोठे काम वेळेत पोहोचले नाही म्हणून हातचे गेले. मी दारात उभी राहून सगळे पाहत होते. खापर फुटले होते भलत्याच डोक्यावर, आणि मला तोंड नव्हते. मित्रांनो, मला गंजाचे इतके दुःख कधी झाले नाही.

वर्ष गेले. काकूंना एका शाळेच्या सभागृहाचे पडदे शिवायला मिळाले. हे काम वेळेत झाले नाही तर शिलाई बंदच करायची, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. पडदे मागच्या सीटवर रचले, काका चालवायला, काकू शेजारी. पुलाच्या चढावर माझे इंजिन जीव खाऊन ओरडू लागले आणि चाके हलेनात. मागच्यांनी भोंग्यांचा गजर केला. काकांनी हँडब्रेक ओढला, मला बंद केले आणि म्हणाले, "या गाडीत आता राम उरला नाही. विकून टाकू."

काकू खाली पाहत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, गाडी बंद आहे ना? मग तुमचा पाय अजून तिथंच का?"

काकांनी वाकून पाहिले. डावा पाय क्लचवर होता.

पडदे रिक्षाने गेले आणि वेळेत पोहोचले. मला ओढत गॅरेजमध्ये नेले. मागच्या वर्षी बसवलेली क्लचप्लेटही गेली होती. तिथे दोघेही आले. मेकॅनिकने पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"नाही," काका म्हणाले, "वर्षभर मी एकटाच चालवतोय." आणि घाईने पुढे म्हणाले, "पण आता विकायचीच आहे."

"विका खुशाल," काकू म्हणाल्या. "नव्या गाडीत पाय तुमचाच जाणार."

मेकॅनिक पाना शोधायला आत गेला. काकांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मागच्या वेळी इथंच उभं राहून मी तुझं नाव घेतलं. चुकलं माझं."

"चुकलं ते चुकलं," काकू म्हणाल्या. "पण तेव्हापासून मला भीती वाटते, तिचं काय करू?"



मला विकले नाही. नवी क्लचप्लेट बसली. किल्ली कितीतरी दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होती. काकांनी ती उचलली नाही, काकूंनीही नाही. काका दुकानात पायी जात. एका दुपारी काकू आल्या, सीट पुढे ओढली आणि मला सुरू केले. फाटकातच मी बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा बंद.  तिसऱ्या वेळी आम्ही रस्त्यावर आलो.

आता पडदे पोहोचवायला आम्ही दोघीच जातो. त्या पुलावरून मात्र काकू अजूनही जात नाहीत, लांबचा वळसा घेतात. पेट्रोल जास्त लागते. काका ते भरून आणतात.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीचे ऑइल वेळेवर बदला, टायरमध्ये हवा ठेवा, क्लचवर पाय टेकवून बसू नका. माझी झिजलेली चकती बदलता आली. पण तुमच्या घरात कोणी पूर्वी गात असेल, पोहत असेल, गाडी चालवत असेल आणि आता "मला नाही जमत" म्हणत असेल, तर तिला कोण काय म्हणाले होते, ते जवळ बसून विचारा. आणि ते म्हणणारे तुम्हीच असाल, तर उशीर करू नका.