‘स्किन’ नावाची पेन्सिल

“पोरगी गुणाची हाये, पन फोटोत उजेड जास्त होता.”

हे वाक्य स्वयंपाकघरातून आलं. सुशीलाबाई शेजारच्या देवकाबाईंना सांगत होत्या. आवाज खाली घेतला होता, पण त्यांचा खाली घेतलेला आवाजही अंगण ओलांडून जातो. पलीकडच्या खोलीत त्यांची धाकटी सून रविता माहेरून आणलेली पेटी उघडून बसली होती. लग्नाला सोळा दिवस झाले होते. रंगाचा डबा बाहेर काढता काढता तिचा हात थांबला, आणि त्या हातात मी होते.

मी एक रंगीत पेन्सिल. चोवीस जणींच्या डब्यातली. माझ्या अंगावर सोनेरी अक्षरांत नाव छापलेलं आहे, ‘स्किन’. म्हणजे माणसाची कातडी.

रविता रडली नाही. मला उलटंसुलटं करून पाहिलं, माझं नाव वाचलं आणि किंचित हसली. मग मला डब्यात ठेवून बाहेर गेली आणि दोघींसाठी चहा मांडला. देवकाबाईंच्या कपात साखर घालायची मात्र विसरली. विसरली की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पुष्कळशी पांढरी भुकटी, त्यात चिमूटभर लाल, थोडी पिवळी, वरून मेण. सगळं मळून शेवयांसारखं ओढलं, लाकडात बसवलं आणि शेवटी यंत्रानं नाव ठोकलं. माझ्या शेजारणी लाल, हिरवी, आकाशी अशा साध्या नावांच्या. मला एकटीलाच माणसाच्या अंगाचं नाव मिळालं. कोणत्या माणसाच्या, ते ठोकणाऱ्यानं लिहिलं नाही. मीही विचारलं नाही. मोठं नाव फुकट मिळालं की चौकशी कोण करतं?

रविता आठवीत असताना चित्रकलेच्या स्पर्धेत तिला आमचा डबा बक्षीस मिळाला. तिचं माहेर नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. वडील, छोटेलाल, पर्यटकांच्या गाडीत बसून त्यांना प्राणी दाखवतात. डबा घरी आला त्याच दिवशी तिनं ‘माझे कुटुंब’ काढलं आणि सगळ्यांच्या अंगाला मला लावलं. उन्हातान्हात फिरणारा बाप, धानाच्या रोवणीत वाकलेली आई, ती स्वतः, सगळे सोललेल्या मुळ्यासारखे गुलाबी. शाळेत बाईंनी त्यावर ‘छान’ लिहिलं. छोटेलालांनी चित्र हात लांब करून धरलं, मान तिरकी केली आणि विचारलं, “हे कोनाच्या घरचे लोक होत, बेटा?”

घरात सगळे हसले. रविताही हसली. पण त्यानंतर तिनं माणसं काढणं जवळजवळ सोडलं. झाडं काढायची, जनावरं काढायची. जंगलात माझ्यासारख्या रंगाचं काय असतं सांगा? लाल तोंडाच्या माकडाचं बूड. तेवढ्यापुरती मी एकदा बाहेर आले. इतर मुलांच्या डब्यांत ‘स्किन’ सगळ्यांत आधी झिजून जाते. आमच्या डब्यात सगळ्यांत लांब मीच उरले.

तशीच मी तिच्याबरोबर सासरी आले, केशोरीजवळच्या या गावात. आणि आल्या आल्या ते उजेडाचं वाक्य ऐकलं, म्हणजे सून फोटोत दिसली तेवढी गोरी निघाली नाही.

पुढचे सात-आठ महिने डबा पेटीतच होता. रविता घरात कमी बोलायची. विचारलं तर “हो”, नाही विचारलं तर तेही नाही. नवरा वीरेंद्र एकदा म्हणाला, “तू बोलत काऊन नाहीस व?” ती म्हणाली, “ऐकून राहिली ना.”

डबा उघडला तो पौषात, शाळेच्या गॅदरिंगसाठी.

गावच्या शाळेच्या भिंतीवर चार कार्टून प्राणी रंगवलेले आहेत. मधू अस्वल, ढब्बू गवा, टिल्लू माकड आणि टिकली चितळ. मुलं त्यांच्याशी रोज बोलतात, भांडतातसुद्धा. मागच्या वर्षी त्यांचंच नाटक बसवलं होतं, पुठ्ठ्याचे मुखवटे घालून. मुखवट्यातून काही दिसेना, म्हणून मधू अस्वल चालत चालत स्टेजच्या कडेवरून पेटी वाजवणाऱ्या गुरुजींच्या मांडीवर पडलं. तेव्हा या वर्षी मॅडमनी ठरवलं, मुखवटे नाहीत, शेपट्या नाहीत. हे चौघं माणसं असती तर कशी दिसली असती, तसं नाटक. कपडे शिवायला आणि मुलं निवडायला आधी चौघांची चित्रं हवी होती.

“माझी काकी काढते चित्र,” तिसरीतली रुचिका वर्गात म्हणाली. रुचिका ही रविताच्या मोठ्या जावेची, दामिनीची मुलगी.

मग एका दुपारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बायका बसल्या आणि मधोमध कागद पसरून रविता. चेहरे, केस, कपडे काढून झाले. मी डब्यातून ऐकत होते. सगळ्यांची मतं अंगाच्या रंगावर आली तेव्हा कान टवकारले, म्हणजे मला असते तर टवकारले असते.

“अस्वलाले काळं कर,” देवकाबाई म्हणाल्या. “त्याच्यात काय विचारतं?”

“अन् गवा?” रुचिकानं विचारलं.

“गवा तं आपला वीरेंद्र!” सुशीलाबाई म्हणाल्या. “अंग काळंभोर अन् गुडघ्याखाली पांढरा. धानाच्या बांधीत दिवसभर बूट घालून फिरते ना!”

वीरेंद्र तिथंच नळावर पाय धूत होता. त्यानं घाईघाईनं पँट खाली ओढली. “काय व आई!” बायका इतक्या हसल्या की शेंगा सांडल्या. रवितानं मान वर केली नाही, पण ढब्बू गव्याला तेव्हाच वीरेंद्रसारख्या भुवया आल्या.

“आता टिकली,” रुचिका म्हणाली. “टिकली मी होनार.”

हसणं थांबलं.

“तू अस्वल हो माय,” दामिनी शेंगेकडे बघत म्हणाली. “अस्वलाले डायलॉग जास्त हायेत.”

“मले डायलॉग नाई पायजे. मले उड्या पायजे.”

“चितळ गोरं राहते, बाई,” देवकाबाई म्हणाल्या. “नाजूक. तू तुझ्या आजोबावर गेली. टिकली दुसरी कोनी होईन.”

“मी तं शाळेत दरवर्षी झाडच होती,” दामिनी पोरीला म्हणाली. “काय बिघडलं माझं?” हे ती समजूत घालायला म्हणाली. समजूत तिची स्वतःची तरी पटली होती का, कोण जाणे. मग तिनं डब्यातून नेमकं मला उचललं आणि जावेच्या हातात दिलं. “हे घे, स्किन. टिकलीले हे लाव.”

दामिनीच्या बोटांत मी क्षणभरच होते, पण तेवढ्यात पाहिलं. तिची बोटं लेकीच्याच रंगाची. त्या बोटांनी मला ‘स्किन’ म्हणून पुढे करणं म्हणजे भलतंच होतं. मला पहिल्यांदा माझ्या नावाची लाज वाटली.

 रवितानं मला बाजूला ठेवलं. तपकिरी पेन्सिल घेतली, हलक्या हातानं टिकलीच्या चेहऱ्यावर फिरवली. वर नारिंगीचा एक हात दिला, हनुवटीखाली सावलीला जरा जांभळी. हळूहळू कागदावर उन्हात उभी असावी अशी मुलगी आली, तांबूस, तुकतुकीत. कपाळावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. देवकाबाईंनी “हं” केलं. तो “हं” कौतुकाचा नव्हता.

आणि मग तिनं मला उचललं. टिकलीनं उडी मारताना हात वर केले होते, त्या उघड्या तळहातांना मला लावलं. हसऱ्या तोंडातल्या जिभेच्या टोकाला लावलं. उडीत दिसणाऱ्या तळपायाला लावलं. मी इतकी बरोबर बसले की मलाच खरं वाटेना.

रुचिकानं आपला तळहात उलटा करून पाहिला. मग काकीचा ओढून पाहिला. “काकी, तुझाबी असाच हाये!”

इथं मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रविता नळावर असताना रुचिका एकटी खोलीत आली. दप्तर पाठीवरच होतं. चित्र पुढ्यात ओढलं, मला डब्यातून काढलं आणि टिकलीच्या गालावर घासायला लागली. जोर लावून, दात चावून. तपकिरीच्या मेणावर मी बसेना, घसरत राहिले. टिकलीचा चेहरा ताप आल्यासारखा राखाडी झाला. शेवटी माझं टोक मोडलं. मोडलं ते बरं झालं.

रविता दारात उभी होती.

“काऊन केलं व असं?”

“मॅडम म्हनतीन, चितळ अशी नसते,” रुचिका म्हणाली. “मंग मले घेनार नाईत.” तिनं चित्राकडे पाहिलं. “पन आता हे मी नाई दिसून राहिली.”

रविता तिला रागावली नाही. दप्तर उतरवलं, नवा कागद घेतला. रुचिकाचा हात कोपरापर्यंत कागदाशेजारी ठेवला, त्याच्या बाजूला आपला. मग डब्यातल्या एकेक पेन्सिलीची रेघ मारून दोघी ताडून पाहत बसल्या. ही नको, ही फिकी. ही थोडी. ही आणि ही मिळून. शाळेला उशीर झाला, पण काकीनं अंगाचा रंग शोधायला लावलेला तेवढा वेळ त्या पोरीसाठी आजवर कोणी काढलेला नव्हता. नवी टिकली आधीच्यापेक्षाही देखणी झाली. मला टोक काढून पुन्हा तळहातांवर बसवलं.

मॅडमनी चारही चित्रं घेतली. टिकलीचं हातात धरून वर्गभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, “ही तर रुचिका आहे.” संध्याकाळी रुचिकानं ती बातमी घरात बारा वेळा सांगितली. देवकाबाई म्हणाल्या, “बघू ना, दिव्याखाली कशी दिसते ते.” दामिनीनं एकदा लेकीच्या चेहऱ्याकडे आणि एकदा फळीवरच्या पावडरच्या डबीकडे पाहिलं. त्या पाहण्यात काहीतरी शिजत होतं.

आज गॅदरिंग आहे. मी हे तुम्हाला रविताच्या अंबाड्यातून सांगतेय. चित्रात शेवटचा हात मारायला मला घेऊन आली आणि सवयीनं केसांत खोचून विसरली. वर डोक्यावरून पदर आहे, त्यामुळे दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं. मी आता बोटभर झिजलेय. डब्यात सगळ्यांत लांब असण्यापेक्षा हे बरं.

तुमच्या घरी रंगाचा डबा असला तर माझ्यावतीनं एक करा. माझ्या बहिणीच्या अंगावरचं ते सोनेरी नाव खरवडून टाका. तिला फिकट गुलाबी म्हणा, तिला चालेल. आणि तळहात रंगवायचे असतील तर जरूर हाक मारा. ते काम आम्हाला येतं.

शाळेच्या वऱ्हांड्यात मुलांना तयार करणं चाललंय. पावडरचा वास येतोय, फार जवळून.

“हालू नोको,” दामिनी म्हणतेय. “डोळे मीट.”

“कानाखालीबी लाव,” हा सुशीलाबाईंचा आवाज. “मान तशीच दिसून राहिली.”

“आता कशी चितळ दिसते!” देवकाबाई.

रुचिकाचा आवाज नाही. उड्यांसाठी गेले पंधरा दिवस भांडणारी पोर गप्प आहे. मग एकदम हळू, “काकी.”

एवढंच. पण रविता उठली ते मला कळलं, कारण अंबाडा हलला. ती खांबाजवळ गेली. तिथं चित्रं चिकटवलेली आहेत. शेजारीच आरसा टांगलेला आहे, मघाशी मुलं त्यात वेडावून दाखवत होती. पोर चित्र आणि आरशाच्या मधे उभी असणार. डब्यातल्या बाकीच्या तेवीस जणी एकीकडे आणि मी एकीकडे, असं मला किती वर्षं वाटलं असेल, ते मी तिला सांगू शकले असते.

पाण्याच्या माठाचं झाकण वाजलं. रवितानं पदराचं टोक ओढून पाण्यात बुडवलं, आणि पदर डोक्यावरून खाली आला. ढळढळीत उजेड माझ्या अंगावर पडला. आज पहिल्यांदा मला सगळ्यांचे चेहरे दिसले. सुशीलाबाई, देवकाबाई, हातात डबी धरलेली दामिनी. मधे रुचिका, पांढऱ्याफटक तोंडाची, आणि त्या पांढऱ्यात डोळ्यांतून खाली आलेल्या दोन तपकिरी रेघा.

“अवो, काय करून राहिली?” सुशीलाबाई म्हणाल्या. “पदर घे डोक्यावर! किती मेहनतीनं लावलं तिनं.”

रविता गुडघ्यावर बसली. ओल्या पदरानं पोरीचा एक गाल पुसला. मग मान वर करून सासूकडे पाहिलं. आवाज मोठा नव्हता, पण वऱ्हांडाभर गेला.

“चितळाचा रंग हाच राहते, आई. माझाबी हाच हाये. पुसू द्या मले.”