पहिल्या मापाचं नाव

"मैनाबाई, आज तरी पोरांत बसून मोजा. शेवटचा दिवस हाय तुमचा," मी म्हटलं.

"मोजाले तुमी हा ना, बाई. माह्यं काम खिचडीचं," तांदळातले खडे वेचत त्या म्हणाल्या.

हे वाक्य मूळचं माझंच. अकरा वर्षांपूर्वी मी ते त्यांच्या तोंडावर फेकलं होतं आणि त्यांनी ते जपून ठेवलं. माझा राग तसा टिकणारा नाही. फणकारा आला की बोलून मोकळी होते आणि चहाच्या वेळेपर्यंत सगळं विसरते. समोरचा विसरतोच असं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा मी बाळापूरजवळच्या या अंगणवाडीत सेविका म्हणून नवी होते. मैनाबाई मदतनीस. घरोघरून पोरं गोळा करायची, झाडझूड करायची, खिचडी शिजवायची, हे त्यांचं काम. आकडे शिकवणं माझं, आणि ते मला धड जमत नव्हतं. भिंतीवरच्या तक्त्यावर पट्टी आपटत मी "एक, दोन, तीन" ओरडायचे आणि पोट्टे माझ्याकडे बघून जांभया द्यायचे.

एका सोमवारी मैनाबाईंनी पिशवीतून दहा पोटल्या काढल्या. जुन्या लुगड्याच्या, हातानं शिवलेल्या. पहिलीत एक चिंचोका, दुसरीत दोन, असं करत दहावीत दहा. तोंडं शिवून टाकलेली आणि वर चिंचोक्यांइतकीच जुनी बटणं लावलेली. पोरांनी पोटली मुठीत धरायची, आतले चिंचोके चाचपायचे आणि मग बटणांवर बोट ठेवून खात्री करायची. महिन्याभरात तीन-तीन वर्षांची पोरं डोळे मिटून सांगू लागली, ही चारची, ही सातची. मैनाबाईंना स्वतःला आकडे लिहिता येत नव्हते.

पहिली पोटली लाल होती. तिला पोरं एक म्हणत नसत, लाभ म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. मैनाबाईंचे वडील खळ्यावर आणि बाजारात धान्य मोजायचे आणि लहानपणी त्यांच्याजवळ बसूनच मैनाबाई मोजायला शिकल्या. धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला लाभच म्हणतात.

"एक म्हटलं तं तेवढंच रायते, बाई. लाभ म्हटलं का वाढते," त्यांनी मला समजावलं होतं. मला गंमत वाटली आणि मी सोडून दिलं.

मग पर्यवेक्षिका मॅडम तपासणीला आल्या. मी मोठ्या ऐटीत साडेतीन वर्षांच्या नीलमला पुढे केलं. पोरीनं हात मागे बांधून खणखणीत आवाजात सुरुवात केली, "लाभ, दोन, तीन..." थेट दहापर्यंत, कुठेही न अडखळता.

मॅडम हसल्या. "साधनाताई, एक कुठे गेला? पोरीनं खाल्ला का?"

दारात उभ्या असलेल्या आयाही हसल्या. माझं तोंड एवढंसं झालं. मॅडमची गाडी वळली तशी मी पोटल्या गोळा करून पेटीत कोंबल्या.

"मोजाले मी हाओ ना! तुमचं काम खिचडीचं. तेवढंच पाहा!"

मैनाबाईंनी पदराला हात पुसले आणि त्या चुलीकडे गेल्या. नीलम मात्र दुपारपर्यंत पेटीपाशी बसून होती.

आठवड्यानं मीच पोटल्या बाहेर काढल्या. लाल पोटलीला एक म्हणायला शिकवलं आणि पोरं शिकलीही. कापड विरलं की मैनाबाई न सांगता नवी पोटली शिवून आणायच्या. पण पोरांत बसून त्या पुन्हा कधी मोजायला आल्या नाहीत. माफी मागायची होती मला. उद्या मागू, उद्या मागू, यात अकरा वर्षं गेली.

"माह्यं तवा चुकलं, मैनाबाई," आज एकदाचं म्हटलं.

त्यांनी ताट हलवून तांदूळ सारखे केले. "तुमचं कायचं चुकलं? शाळेत एकच म्हणतेत. लेकरं तिथं अडली असती." मग ताट खाली ठेवत म्हणाल्या, "मले आपलं वाटे, लेकराइची मोजणी चांगल्या शब्दानं सुरू व्हावी."

आम्ही त्यांना शाल आणि नारळ दिला, मोबाइलवर फोटो काढला आणि त्या रोजच्याच वाटेनं घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी तांदूळ मोजायला मीच बसले, कारण नवी मदतनीस अजून यायची होती. तीन वर्षांची दामिनी येऊन डब्याजवळ उकिडवी बसली. ही मैनाबाईंची शेपूट. रोज तांदूळ काढायच्या वेळी त्यांच्याजवळ अशीच बसलेली असायची. मी पेला भरला, पातेल्यात ओतला आणि म्हटलं, "एक."

दामिनीनं माझं मनगट धरलं. "नाई. लाभ."

तांदूळ मोजताना मैनाबाईंचे ओठ हलायचे. रोज हलायचे. मला वाटायचं, देवाचं नाव घेत असतील. माझे डोळे भरून आले आणि मी ते पोरीपुढे लपवलेही नाहीत.

पातेल्यातले तांदूळ मी परत डब्यात ओतले. पेला नव्यानं भरला.

"लाभ," मी म्हटलं.

"दोन," दामिनी म्हणाली आणि पुढच्या पेल्याची वाट पाहत बसली.