दार लागलं

डिझायनरनं बटण दाबलं आणि पडद्यावरचा राखाडी सरदार राखाडी खोलीत शिरला. कोणालाच अजून चेहरे नव्हते. सरदाराला दाढीच्या जागी एक चौकोन होता, आणि धाकटी राणी म्हणजे दोन हात, दोन पाय आणि गुळगुळीत डोकं. तरीही ती राखाडी बाहुली पलंगाच्या कडेला ज्या तऱ्हेनं अंग चोरून बसली होती, ते पाहून लेखिकेनं ओठांपर्यंत नेलेला कॉफीचा कप पुन्हा खाली ठेवला.

"हे अगदीच कच्चं आहे, मॅडम," डिझायनर म्हणाला. "आता इथं दार लागायला हवं. पण ते लावतं कोण?"

"म्हणजे?"

"तुम्ही लिहिलंय, 'सरदार आत गेला. दार लागलं. तटावरचे कावळे उडाले.' कावळे उडवले आम्ही. दारापाशी गाडी अडलीय."

"वाऱ्यानं लागलं असेल."

"वारा आणायचा तर मशाली हलायला हव्यात, पडदे हलायला हवेत. ते करू हो. पण खेळणारा विचारणार, आत्ताच कसा वारा आला? गेममध्ये आपोआप काही होत नाही. प्रत्येक गोष्ट कोणीतरी करावी लागते."

लेखिका हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. या तीन वाक्यांवर तिनं बरीच वर्षं काढली होती. राक्षस, उडते घोडे आणि मिठाचे डोंगर असलेल्या तिच्या कादंबरीच्या चार जाडजूड भागांतली ही तीनच वाक्यं समीक्षकांनी डोक्यावर घेतली होती. संयम, म्हणाले. दुसऱ्या कोणी असल्या प्रसंगावर पानंच्या पानं खर्ची घातली असती, हिनं वाचकाला दाराबाहेर थांबवलं, म्हणाले. परिसंवादांत हे कौतुक चालू असताना ती मान खाली घालून बसायची आणि लोकांना तो विनय वाटायचा. दाराआड काय झालं ते तिला स्वतःलाच कधी नीट कळलं नव्हतं, हे मात्र तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

"वरच्या मंडळींचं म्हणणं आहे की कॅमेरा आत न्यावा," डिझायनर पडद्याकडे बघतच म्हणाला. "प्रौढांसाठीचा शिक्का बसणारच आहे, तर हात आखडता कशाला घ्यायचा, असं."

"आणि तुमचं म्हणणं?"

त्यानं गळ्यातल्या हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली आणि सोडली.

"मला आत जायचं नाही. पण मग बाहेर थांबायला काहीतरी कारण द्या. तिथं पहारेकरी उभा आहे, आणि खेळणारा म्हणजेच तो पहारेकरी. आत त्या बाईचे हाल चाललेत आणि आपण तटावरचे कावळे मोजतोय, हे काही खरं नाही, मॅडम. पुस्तकात चालून गेलं."

'चालून गेलं' हे शब्द तो सहज बोलला. तिला मात्र ते लागले. उद्या संध्याकाळपर्यंत काही सुचवलं नाही तर आतला प्रसंग चित्रित करायला घेतील, एवढं त्यानं ती निघताना सांगितलं, आणि लिफ्टपर्यंत सोडायला आला. त्याच्या वागण्यात खोट काढावी असं काही नव्हतं, म्हणून तिला त्याचा अधिकच राग आला.

गेमची बातमी घरात पसरली होती. कॉलेजात शिकणारी भाची तर 'मावशीचा गेम' म्हणून सगळ्या मैत्रिणींना सांगत सुटली होती. तो गेम घरी येणार, ताईच्या दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीवर चालणार, आणि ताई चहाचा कप हातात घेऊन मागे उभी राहून बघणार. ताईनं पुस्तक वाचलेलं नव्हतं, निदान लेखिका तसं धरून चालली होती. राक्षसबिक्षस आपल्याला झेपत नाहीत बाई, असं ताई पहिल्या भागालाच म्हणाली होती, आणि लेखिकेनं सुटकेचा श्वास सोडला होता. कारण धाकटी राणी म्हणजे ताईच होती.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत ताई एक पिशवी घेऊन माहेरी आली होती आणि परत जाणार नाही म्हणाली होती. मग तिचा नवरा तिला न्यायला आला. समोरासमोर बसून बोला, म्हणून दोघांना मागच्या खोलीत बसवलं. दार लागलं. लेखिका तेव्हा शाळेत शिकत होती आणि त्या दुपारी बाहेर दाराकडे पाठ करून अभ्यास करत होती. दुसऱ्या दिवशी ताई नवऱ्याबरोबर निघून गेली, मान एका बाजूला धरून. कायमची सुटून यायला तिला पुढं बरीच वर्षं लागली. त्या दुपारचा विषय घरात पुन्हा कोणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेखिका ताईच्या क्लिनिकमध्ये गेली. ताई फिजिओथेरपिस्ट होती. आखडलेले खांदे आणि रुसलेले गुडघे घेऊन लोक यायचे आणि ती त्यांना गोड बोलून घाम फोडायची. एका लांबट खोलीत चार पलंग होते आणि त्यांच्या मधे निळे पडदे. आत दार असं कुठंच नव्हतं. ही ताईची काटकसर, असं लेखिका इतके दिवस समजत आली होती.

"या लेखिकाबाई," ताई म्हणाली. "पाठ दुखतेय का कोणी पुरस्कार दिला?"

"सहज आले."

"तू आणि सहज. बस. त्या आजोबांना दहा मिनिटं शेक द्यायचाय, तोवर मी मोकळीच आहे."

ताई टॉवेलांच्या घड्या घालायला लागली. लेखिकेनं एक टॉवेल उचलला, पण घडी वाकडी पडली, तशी ताईनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

"गेममधला एक प्रसंग आहे," लेखिका म्हणाली. "तिसऱ्या भागातला. ते लोक म्हणतात, खोलीच्या आतलं दाखवायचं. मी नको म्हणणार आहे. पण त्याआधी तुला... तू वाचलं नाहीस, म्हणून सांगते..."

"वाचलाय तिसरा भाग."

"कधी?"

"आला तेव्हाच."

"बोलली नाहीस."

"तू तरी लिहिण्याआधी कुठं बोललीस?"

ताईच्या आवाजात कडवटपणा नव्हता. टॉवेलाच्या कडा जुळवताना माणूस बोलतो, तशी ती बोलली. लेखिकेला मात्र कानशिलं तापल्यासारखी वाटली. इतकी वर्षं ताई तिला जेवायला बोलावत होती, तिच्या सत्काराला पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, आणि हे सगळं मनात ठेवून होती.

"रागावलीस?"

"तेव्हा रागावले होते. नंतर वाटलं, तुझ्याही डोक्यात ते राहिलंय म्हणजे. मी समजत होते, तू विसरलीस." ताईनं घडी केलेल्या टॉवेलांवर तळवा दाबला. "चांगलं लिहिलंयस, ठमे. एक चूक आहे फक्त."

"कसली?"

"दार लागलं म्हणतेस. ते लागलं नव्हतं. लावलं होतं."

"म्हणजे त्यानं?"

"तो आत आला तो सरळ खुर्चीत बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, अगदी सभ्यपणे. मी समोर उभी होते, दार दिसत होतं मला." ताईनं पुढचा टॉवेल घेतला. "ती आधी सामानाची खोली होती, आठवतंय? तिला आतून कडी नव्हतीच. बाहेरून होती."

पलीकडच्या पडद्याआडून आजोबा खोकले. ताई उठली, शेकाची पिशवी जरा वर सरकवून आली आणि पुन्हा बसली. लेखिका तशीच बसून होती. त्या दुपारी ताई आणि तिचा नवरा आत होते. वडील कामावर गेले होते. बाहेर ती होती, आणि आई होती. आई हात पुसत तिच्या मागून गेली होती. मग पुन्हा पुढं येऊन म्हणाली होती, "नुसती बसू नकोस. धडा वाच. मोठ्यानं वाच."

"वाळवंटाचा धडा होता," ताई म्हणाली. "मला सगळा ऐकू येत होता आत. दिवसा तापतं आणि रात्री गारठतं. खणखणीत वाचत होतीस तू. अजून पाठ आहे मला तो."

"ताई, मला आईनं..."

"माहितीये. तुझं काय त्यात? शाळकरी पोर होतीस तू. तिलाही वाटलं असेल, बसतील, बोलतील, मिटेल. नवराबायकोच्या मधे आपण कशाला पडा. तिथपर्यंत मी समजू शकते." ताईनं हातातल्या टॉवेलाची घडी पुरी केली. "पण मी आतून दार ढकललं होतं. हाकही मारली होती. तू कितीही मोठ्यानं वाचलंस तरी कडीजवळ उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येतंच ना? आणि कडी काढायला काय लागतं, एक बोट."

लेखिकेला रडू आलं. ताईनं घडी केलेल्यातलाच एक टॉवेल तिच्या मांडीवर टाकला आणि आजोबांचा पडदा बाजूला सारला.

"चला आजोबा, आता हात वर. असं नाही, अजून वर. घाबरताय काय, मी धरलाय."

क्लिनिकच्या बाहेर, औषधांच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर उभं राहून लेखिकेनं डिझायनरला फोन लावला.

"कॅमेरा बाहेरच राहील," ती म्हणाली. "आणि दाराला कडी बाहेरून असेल."

"लावणार कोण?"

"मोठी राणी हुकूम देईल. धाकट्या राणीची आई. पहारेकरी लावेल."

"म्हणजे खेळणाऱ्यानं बटण दाबायचं." तो म्हणाला. "अवघड आहे, पण हे पटतंय. मग पुढं?"

"पुढं काही नाही. उभं राहायचं. आतून हाक येईल. आतून दार ढकललं जाईल. कावळे काढून टाका. आणि कडी काढायचं बटण सगळा वेळ चालू ठेवा."

"स्क्रीनवर सूचना द्यायची ना? कडी काढण्यासाठी अमुक दाबा, अशी?"

"नाही."

"मग कळणार कसं, मॅडम?"

"कळत असतं."

पलीकडून थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज आला.

"पण कोणी काढलीच कडी," डिझायनर हळूच म्हणाला, "तर राणी बाहेर येईल. सरदाराबरोबर जाणारच नाही. मग पुढचं सगळंच बदलतं. लढाई, मिठाचा वेढा, अख्खा चौथा भाग. ते लिहिलेलंच नाहीये कोणी."

"मी लिहीन," लेखिका म्हणाली.

ती घरी पोहोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. आई खिडकीजवळच्या खुर्चीत पायांवर शाल घेऊन बसली होती. वडील गेल्यापासून ती लेखिकेकडेच राहायची. तिची दृष्टी आता इतकी अधू झाली होती की माणूस दारात उभा राहिला की तिला नुसती आकृती दिसायची आणि मग पावलांवरून ओळख पटायची.

"आलीस? मघापासून वाट बघतेय. शेजारच्या बाई आल्या होत्या, त्यांना सांगितलं गेमचं. म्हणाल्या, लेकीनं नाव काढलं."

लेखिकेनं पिशवी टेबलावर ठेवली. आईच्या गोळ्या काढून दिल्या, पाणी दिलं. आईनं पेला परत देताना तिचा हात क्षणभर धरून ठेवला, रोज धरायची तसाच. तो हात झटकावा असं लेखिकेला वाटलं आणि झटकता आला नाही.

"वाच ना काहीतरी," आई म्हणाली. संध्याकाळचा हा त्यांचा शिरस्ता होता. लेकीचे चारही भाग आईनं असेच ऐकले होते, काही काही दोनदा. "मोठ्यानं वाच. तुझा आवाज लहानपणापासून छान."

लेखिका कपाटाशी गेली. आज काय वाचायचं ते तिनं आईला विचारलं नाही. तिसरा भाग काढून ती आईच्या समोर स्टूल ओढून बसली आणि पान शोधून वाचायला लागली. धाकटी राणी पळून माहेरच्या किल्ल्यावर आलेली. मोठ्या राणीनं सरदारासाठी दरवाजे उघडायला लावलेले. मेजवानी झालेली. आई डोळे मिटून ऐकत होती. तिची बोटं शालीची किनार सरळ करत होती.

"'सरदार आत गेला,'" लेखिकेनं वाचलं. मग पानावरची नजर उचलून तिनं आईकडं पाहिलं. "'दार लावलं.'"

शालीवरची बोटं थांबली. बाहेर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. आईनं डोळे उघडले आणि पुस्तक जिथं असावं त्या बाजूला चेहरा वळवला.

"'लागलं' आहे ना गं तिथं?" ती म्हणाली.

"होतं," लेखिका म्हणाली. पुस्तक तिनं मिटलं नाही. ते मांडीवर तसंच उघडं ठेवून ती आईच्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसली.