बकुळाबाईंची गुळणी

सत्तावन्न सालच्या त्या उन्हाळ्यात फ्लूने गिरणगावाला असे काही झोपवले की काळाचौकीच्या चाळींत दर दुसऱ्या दाराआड कुणीतरी कण्हत होते. मृणालिनी कोठारे मात्र खुशीत होती. गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातली ही मुलगी जीवशास्त्र शिकून परळच्या एका प्रयोगशाळेत लागली होती, आणि कोरा करकरीत नवा विषाणू हाती लागण्याचे भाग्य काही रोज उगवत नाही.

काम तसे साधे होते. आजाऱ्याला मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला लावायच्या, ते पाणी बाटलीत धरायचे आणि बाटली बर्फाच्या डब्यात ठेवायची. प्रयोगशाळेत ते कोंबडीच्या अंड्यात टोचत. बाहेर मेल्यासारखा पडून राहणारा विषाणू अंड्यातल्या जिवंत पेशी मिळाल्या की भराभरा वाढे. दर माणसाला उकळलेला वेगळा कप द्यायचा. घरच्या भांड्यातली गुळणी घ्यायचीच नाही, घेतली तर ती मोरीत ओतायची, असा सक्त नियम होता.

त्या दिवशी तिला ताप आलेले म्हातारे माणूस हवे होते. हा ताप तरण्याताठ्यांना लोळवत होता आणि म्हाताऱ्यांना पुष्कळदा सोडून देत होता. का, ते कुणालाच धड सांगता येईना. लहानपणी त्यांना याचाच कुणी भाऊबंद भेटला असेल आणि शरीराने ती ओळख इतकी वर्षे जपली असेल? मग ज्या थोड्या म्हाताऱ्यांना ताप आला, त्यांच्या घशात काय निराळे होते?

पहिल्या खोलीतल्या यशोदाकाकूंना कप देताना तिने हे सगळे रंगवून सांगितले. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जाऊन जाऊन तिची जीभ चांगलीच सुटली होती. “विषाणू जिवंत म्हणायचा की निर्जीव, हेसुद्धा अजून ठरलेलं नाही, काकू. पण त्याला जातपात ठाऊक नाही, एवढं नक्की!” तोंडात पाणी असल्यामुळे काकूंना नुसतीच मान डोलवावी लागली.

शेजारची खोली बकुळाबाईंची. सत्तरीच्या, तापाने फणफणलेल्या. भिंतीवर बुद्धाची नवी कोरी तसबीर होती. मृणालिनीची नजर तिच्यावर क्षणभर थांबली, आणि नेमके तेव्हाच बकुळाबाई उठून बसल्या, मान मागे टाकून त्यांनी हनुवटीखाली ओंजळ धरली. मृणालिनीने मिठाच्या पाण्याची बाटली उचलली आणि वरून धार सोडली.

कुणी कुणाला काही सांगितले नव्हते. गिरगावच्या घरी मागच्या दारी पाणी असेच वाढत, अंतर राखून. ते तिने लहानपणापासून पाहिले होते. इतकी शिकली, पण हात काही शिकला नव्हता.

बकुळाबाईंना ठसका लागला. पाणी पदरावर सांडले.

“आई, हात खाली घे.”

दारात त्यांचा मुलगा भिवा उभा होता, नुकताच गिरणीतून आलेला. मृणालिनीला तो काही वावगे बोलला नाही. “बाई, कप नाय का? यशोदाकाकूंना दिलात तसा?”

“संपले,” मृणालिनी म्हणाली.

डब्यात फडक्यात गुंडाळलेला एक कप होता. तो काढावा आणि चुकले म्हणावे, एवढेच करायचे होते. तिचे कान तापले, पण हात डब्याकडे जाईना.

“संपले असतील रे,” बकुळाबाईच मदतीला धावल्या. “बाय सकाळपास्नं जिने चढतेय.”

भिवा मोरीत गेला. चिंच-राख घेऊन त्याने पितळी पेला असा घासला की लखलखीत झाला. तो तिच्यापुढे धरून त्याने विचारले, “आमचा चालंल ना?”

नाही म्हणावे, तर त्या खोलीत त्या ‘नाही’चा एकच अर्थ झाला असता. चिंचेचा नुसता अंश उरला तरी नमुना बाद, हे तिला पक्के ठाऊक होते. तिने पेला घेतला आणि मुकाट भरून दिला.

बकुळाबाईंनी ओठ लावले आणि सगळा जीव एकवटून गुळण्या केल्या. मृणालिनीने ते पाणी बाटलीत धरले, थेंबही न सांडता. लोकांची थुंकी उराशी धरून परळपर्यंत न्यायला ती आजवर कधी कचरली नव्हती, आणि एक कप द्यायला मात्र कचरली. स्वतःची इतकी किळस तिला जन्मात आली नव्हती.

“माज्या गुळणीचं औशद व्हईल काय गो बाय?”

“होईल ना, आजी.”

आज संध्याकाळी ती गुळणी प्रयोगशाळेच्या मोरीत जाणार होती.

ती बाटलीला बूच लावू लागली, तेव्हा भिवा वाकला. “थांबा, मी डबा उघडतो,” म्हणत त्याने झाकण उचलले. एका अंगाला बर्फ होता. दुसऱ्या अंगाला फडके सुटून पांढराशुभ्र कप दिसत होता.

भिवाने कपाकडे पाहिले. मग तिच्याकडे. तो ओरडेल, चाळ गोळा करील, म्हणून ती वाट पाहत राहिली. तो ओरडला असता तर तिच्यावर उपकारच झाले असते.

“काय रं, काय बगतोस?” बकुळाबाई मान उंचावून विचारत होत्या.

भिवाने बाटली बर्फात ठेवली आणि झाकण घट्ट दाबले.

“काय नाय, आई,” तो म्हणाला. “बाईंचे कप खरंच संपलेत.”