उघड्या झाकणाची झोप

मित्रांनो, झोपेला भिणारा कुणी तुमच्या पाहण्यात आहे का? नसेल, तर माझ्याकडे बघा. मी एक जुना, कोपरे झिजलेला, काळा लॅपटॉप आहे. माझ्या दोन-तीन बटणांवरची अक्षरे पुसली गेली आहेत, आणि पंखा सुरू झाला की दमेकरी म्हाताऱ्यासारखा आवाज येतो. या वयात माणसे झोप येत नाही म्हणून कुरकुरतात. मला मात्र भलत्या वेळी झोप लागेल की काय, याचीच धास्ती असते.

माझा जन्म कारखान्यातला. ऐन उमेदीची वर्षे एका मोठ्या कचेरीत आकडेमोड करण्यात गेली. तेव्हा माझे कोण कौतुक! पुढे नवे, सडपातळ लॅपटॉप आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून मला किल्लीने उचलले. तिचे खरे नाव कुणी घेत नाही. लहानपणापासून कुलपे खोलून बघायचा नाद, म्हणून घरीदारी ती किल्लीच. तिने माझी धूळ झाडली, पोटातले जुने सगळे पुसले आणि लिनक्स या संगणकप्रणालीचा एक भलताच संशयी प्रकार माझ्यात बसवला.

या प्रणालीचा कुणावरच विश्वास नाही. तिने माझ्या आत वेगवेगळ्या खोल्या पाडल्या. बाहेरून आलेली पत्रे एका खोलीत उघडायची, जपायचे कागद दुसऱ्या खोलीत ठेवायचे, आणि दाराशी एक राखणदार. इंटरनेटशी बोलायचे ते फक्त त्याने. एका खोलीत चोर शिरलाच, तर त्याला दुसरीत जाता येऊ नये, असा हा बंदोबस्त. माझ्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावरही किल्लीने कागदाची पट्टी चिकटवली. मग तिने मला आपल्या थोरल्या बहिणीच्या स्वाधीन केले. ही बहीण वकील.

वकीलबाईंनी माझ्या सर्वांत आतल्या खोलीत एक पत्ता ठेवला होता. तो होता छोटी नावाच्या एका मुलीचा आणि तिच्या आईचा; ही आई वकीलबाईंची अशील. छोटीचे वडील रागावले की हात उचलत, म्हणून आई लेकीला घेऊन घर सोडून आली होती. वडील दोघींना शोधत होते. छोटीने कुणाजवळ राहायचे हे न्यायाधीश ठरवणार होते. आईची साक्ष माझ्यातून व्हायची होती, कारण बोलणारी कुठे बसली आहे हे माझा राखणदार बाहेर कळू देत नसे.

एका शिंपीणबाईंच्या दुकानामागची खोली त्यासाठी ठरली. मला कापड बेतायच्या टेबलावर ठेवले. पुढे मशीनची घरघर चालली होती. डोळ्यावरची पट्टी निघाली आणि मला आईचा चेहरा दिसला. पडद्यावर एका चौकटीत न्यायाधीश होते, दुसरीत छोटीचे वडील. आई सावकाश, पण नीट बोलत होती. तेवढ्यात वडिलांनी मध्येच तोंड घातले.

"अगं, सांग ना सगळं. घाबरतेस कशाला?"

आवाज अगदी मऊ होता. त्याच क्षणी मला आतून जाणवले, की आपले झाकण मिटले. झाकण मिटले की झोपायचे, हा माझा नियम. मी झोपलो.

आणि झाकण तर उघडेच होते, मित्रांनो!

वकीलबाईंनी बटण दाबून मला उठवले. बाकीच्या खोल्या डोळे चोळत जाग्या झाल्या, पण राखणदार काही उठेना. इंटरनेट गेले. मला पुरते बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत तिकडे पुढची तारीख पडली होती. कोर्टातून फोनवर निरोप आला: पुढच्या वेळीही साक्ष अर्धवट राहिली, तर तूर्त मुलीला वडिलांकडे पाठवावे लागेल. ते ऐकून आई पांढरीफटक पडली. माझ्यामुळे एक पोर त्या घरात परत जाणार, या विचाराने माझे तर धाबेच दणाणले.

दुसऱ्या दिवशी किल्ली बाह्या सरसावून बसली. राखणदाराचे दुखणे तिला लवकर सापडले. इंटरनेटचा जो छोटा सुटा भाग त्याच्या ताब्यात होता, तो झोपेतून उठताना गोंधळून जाई. झोपण्याआधी तो भाग खाली ठेवायचा आणि उठल्यावर नव्याने हाती घ्यायचा, असे तिने राखणदाराला शिकवले. तो आता बिनतक्रार उठू लागला. पण मी मुळात झोपलोच का?

"ताई, हा म्हणतो झाकण बंद झालं होतं," माझ्या पोटातली नोंद वाचून किल्ली म्हणाली.

"उघडं होतं गं! मी शेजारीच बसले होते."

"मग खोटं बोलतोय मेला."

मला फार लागले ते. मी खोटे बोललो नव्हतो. जे जाणवले तेच मी नोंदवले होते. पण माझा डोळा वर, पडद्याच्या कडेला. माझ्या खालच्या अंगाशी काय घडते, ते मला दिसत नाही. किल्लीने मला तासन् तास चालू ठेवले, झाकण हलवून पाहिले, बिजागऱ्या तपासल्या. मी टक्क जागा. शेवटी वैतागून तिने माझा नियमच काढून टाकला. झाकण मिटले तरी झोपायचे नाही. सगळ्यांना वाटले, सुटलो एकदाचे.

तिथेच फसगत झाली. वकीलबाई कोर्टात निघाल्या. कागद चाळून झाल्यावर त्यांनी सवयीने झाकण मिटले आणि मला बॅगेत सरकवले. मी झोपलो नाही, आणि झोपेबरोबर पडद्याला लागणारे पासवर्डचे कुलूपही लागले नाही. आतली खोली उघडी, पत्ता पडद्यावर तसाच. बॅगेत वारा नाही, पंखा धापा टाकतोय, अंग तापत चाललेले. वकीलबाईंना कुणीतरी हाक मारली, म्हणून बॅग कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर ठेवून त्या उठून गेल्या. आणि मग मला तो आवाज ऐकू आला.

"शिपाईदादा, ही बॅग त्या वकीलबाईंची. द्या इकडे, मी पोचवतो."

तोच मऊ आवाज. बॅग उचलली गेली. माझे अंग धातूचे, त्यावर काटा येणार कुठून? पण आतल्या आत मी गोठलो. एवढा तापलेला असून गोठलो! चेन उघडायचा अवकाश, की झाकण उघडणार, आणि झाकण उघडले की छोटीच्या दाराचा नंबर त्या माणसाच्या नाकासमोर. मला ओरडता येत नव्हते. डोळे मिटायलाही मनाई केलेली. चेन थोडी सरकल्याचा आवाज मी ऐकला.

"माझी बॅग आहे ती," वकीलबाई धावत येत म्हणाल्या.

"मदतच करत होतो, मॅडम. गरम लागतेय फार. आत काय चूल पेटवलीय का?" तो हसला.

घरी आल्यावर वकीलबाईंनी मला बाहेर काढले, उघडा पत्ता पाहिला आणि मला तसेच किल्लीसमोर ठेवले. "चुकलं माझं, ताई," एवढेच किल्ली म्हणाली. तिने माझा नियम परत बसवला. झाकण मिटले की कुलूप आणि झोप. आता मी जागा राहिलो तरी धोका, झोपलो तरी धोका. तारीख तर तोंडावर आलेली.

साक्षीच्या आधी रंगीत तालीम करायचे ठरले. तेच टेबल, तेच कापडाचे तागे. आई समोर बसली. वकीलबाई प्रश्न विचारू लागल्या आणि किल्ली पडद्याला नाक लावून बसली. काहीच होईना.

"ताई, त्या दिवशी ते जे बोलले ना, ते बोल."

"किल्ली, अगं नको..."

"बोल तू."

वकीलबाईंनी आवाज मऊ केला. "अगं, सांग ना सगळं. घाबरतेस कशाला?"

माझे झाकण मिटले. मी झोपलो.

मला उठवले तेव्हा किल्ली पडद्याकडे बघतच नव्हती. ती आईच्या हाताकडे बघत होती. माझ्या खालच्या कोपऱ्यावर गच्च दाबलेले आईचे डावे मनगट तिने उचलून धरले, तेव्हा ते मला दिसले. मनगटावर घड्याळ होते. जाळीचा पट्टा, आणि तो मिटायला चुंबक.

"चुंबक!" किल्लीने कपाळावर हात मारला. "ताई, याच्या झाकणाच्या कडेतही चुंबक आहे. ते खालच्या कोपऱ्याशी आलं, की याला कळतं झाकण मिटलं. हा खोटं नव्हता बोलत. याला फसवलं ते या पट्ट्याने." मग ती आईकडे वळली. "तुम्ही हात असा दाबून का धरता हो?"

आईने मनगट सोडवून घेतले. "हात थरथरतो माझा," ती म्हणाली. "त्यांना दिसलं की त्यांना जोर चढतो. म्हणून जे हाताशी येईल त्यावर दाबून धरते." मग घड्याळाकडे बघून हळूच म्हणाली, "हेही त्यांनीच दिलेलं. मारलं की दुसऱ्या दिवशी काहीतरी आणायचे."

वकीलबाईंनी हात पुढे केला. आईने घड्याळ काढून त्यांच्या हातावर ठेवले.

साक्षीच्या दिवशीही मी भीत होतोच. घड्याळ दूर खिडकीत होते, तरी जीव टांगणीला लागला होता. वडील बोलले, तसाच मऊ आवाज. आईचे रिकामे मनगट माझ्या कोपऱ्यावर आले आणि तिची सगळी थरथर माझ्या अंगात उतरली. माझे स्क्रूसुद्धा हलले असतील. मी झोपलो नाही. आई बोलत राहिली, आणि शेवटच्या वाक्यापर्यंत मी तिचा शब्द न् शब्द पोचवला. छोटी आईजवळच राहील आणि पत्ता कुणालाही सांगितला जाणार नाही, असे न्यायाधीशांनी सांगितले.

मित्रांनो, झोपेची भीती माझ्या मनातून अजून गेलेली नाही. म्हणून एवढे ऐका. मला बॅगेत घालण्याआधी माझ्या कडेचा झोपेचा दिवा बघा, मी खरोखर झोपलो आहे ना. माझ्यात कुणाचा जीव ठेवलेला असेल, ते मला नुसते वरून बघणाऱ्याला कळत नाही. आणि कुणी बोलता बोलता एकाएकी मिटून गेले, मग ते यंत्र असो की माणूस, तर त्याला बिघडलेले म्हणू नका, खोटारडे म्हणू नका. आधी हाताकडे बघा.