चार नंबरच्या खोलीतलं घड्याळ

प्रज्ञानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि फळ्यावर ‘शेवटची दहा मिनिटं’ असं लिहायला घेतलं. ‘शेवटची’ एवढं लिहून होतं न होतं तोच बाहेर घंटा वाजली. लांबलचक, पेपर संपल्याची.

खोलीतल्या माना एकदम वर आल्या.

“मॅडम, अजून टाइम हाय की!” पहिल्या बाकावरची ज्ञानेश्वरी म्हणाली. ती पाथर्डीकडची, ओली बाळंतीण. तिची सासू सकाळपासून तान्ह्याला घेऊन फाटकाशी बसली होती.

“लिहीत राहा,” प्रज्ञा बोलून गेली आणि दार उघडून तिनं समोरच्या खोलीत पाहिलं. तिथल्या घड्याळात दोन वाजले होते. पेपर गोळा होत होते.

शाळा जुनी होती. मुख्याध्यापकांच्या ऑफिसात पुरुषभर उंचीचं लंबकाचं घड्याळ होतं, आणि त्याची तार भिंतीभिंतींतून प्रत्येक खोलीत गेली होती. खोल्यांतल्या घड्याळांना स्वतःची चाल नव्हती. ऑफिसातल्या घड्याळानं तारेतून इशारा दिला की सगळे काटे मिळून एक मिनिट पुढं सरकत. ते मास्टर आणि ही चाकर, असं शिपाईसुद्धा म्हणत. आजच्या सरकारी भरतीच्या परीक्षेसाठी मोबाईल, मनगटी घड्याळं सगळी फाटकावर काढून घेतली होती, पर्यवेक्षकांचीदेखील. पेपर वाटायचे ते खोलीतल्या घड्याळावर आणि थांबवायचे ते ऑफिसातल्या घंटेवर.

तार कुठंतरी सैल झाली असणार. सकाळी काही इशारे चार नंबरपर्यंत पोचलेच नव्हते, आणि नंतर घड्याळ काही झालंच नाही अशा थाटात चालू लागलं होतं. म्हणजे अकरा वाजले असं समजून आपण पेपर वाटले ते दहा मिनिटं उशिरा, हे लक्षात आलं तेव्हा प्रज्ञानं फळ्यावरचं ‘शेवटची’ पुसून टाकलं.

खिडकीजवळ, तिसऱ्या बाकावर तिचा भाऊ चेतन लिहीत होता. घंटा झाल्यावरही त्याची मान वर झाली नव्हती. भिंगारच्या घरातून सकाळी दोघं एकाच स्कूटरवर आले होते. वयाची अट बघता चेतनची ही शेवटची परीक्षा होती.

केंद्रप्रमुख शेटे सर दारात आले.

“मॅडम, पेपर? सगळ्या खोल्यांचे आले.”

तिनं त्यांना दारातच थांबवलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. शेट्यांनी आपल्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं. केंद्रात तेवढं एकच होतं. मग भिंतीवरचं पाहिलं. परत मनगटावरचं.

“चूक आहे, मान्य,” ते म्हणाले. “यांची दहा मिनिटं गेली.”

“मग द्या ना त्यांना.”

शेट्यांची नजर खिडकीजवळच्या बाकावर जाऊन परत आली.

“सकाळी तुम्ही सांगितलं होतं, या खोलीत भाऊ आहे म्हणून. ऐनवेळी दुसरं माणूस कुठून आणू, तुम्हीच बसा, असं मीच म्हणालो. तेव्हा काही वाटलं नाही. पण आता याच खोलीला जादा वेळ द्यायचा? उद्या कुणी तक्रार केली तर तार सैल होती का, हे कोण बघायला येणार? हजेरीवर तुमचं आणि त्याचं आडनाव बघतील. तुम्हीही जाल, मीही जाईन, आणि या सगळ्यांचा पेपर रद्द होईल.”

“तो नसता तर?”

“तर मी कधीच वेळ दिला असता.”

आत पेनांचा आवाज वाढला होता. कुणालाच काही कळत नव्हतं, म्हणून सगळे हाताला येईल ते लिहीत सुटले होते. ज्ञानेश्वरीच्या ब्लाउजवर दुधाचा ओला डाग पसरला होता. पदर ओढून घ्यायलाही तिला सवड नव्हती.

प्रज्ञा वळली आणि तिसऱ्या बाकाशी जाऊन उभी राहिली.

“पेपर दे.”

चेतननं वर पाहिलं. त्याला समजलं नाही.

“ताई, अजून...”

सकाळपासून या खोलीत त्यानं तिला ताई म्हटलं नव्हतं. आजूबाजूच्या दोन-तीन माना वळल्या.

“दे.”

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, दारातल्या शेटे सरांकडं पाहिलं, आणि मग तिच्याकडं. ती त्याच्या अर्ध्या राहिलेल्या ओळीकडं बघत होती. चेतननं हातातला शब्दही पुरा केला नाही. पेनाला टोपण लावलं आणि उत्तरपत्रिका तिच्या हातात न देता बाकावरून तिच्याकडं सरकवली.

नियमाप्रमाणे उरलेल्या कोऱ्या पानावर तिनं रेघ मारली. रेघ सरळ आली नाही.

“हा घंटेला जमा झाला,” शेट्यांच्या हातात उत्तरपत्रिका देत ती म्हणाली. “आता बाकीच्यांना वेळ द्या.”

शेटे घसा खाकरून खोलीत आले.

“घड्याळाचा घोटाळा झालाय. तुम्हाला आणखी दहा मिनिटं. मी इथंच उभा आहे.”

चेतन त्यांच्या बाजूनं बाहेर निघून गेला.

पेपर मोजून, सील करून प्रज्ञा फाटकाशी आली तेव्हा तो स्कूटरला टेकून उभा होता. बाळाला पदराखाली घेऊन बसलेल्या ज्ञानेश्वरीनं तिला पाहताच हाक मारली.

“मॅडम, पुरा झाला बघा माझा पेपर! तुमी न्हाई म्हनला असता तर गेलं हुतं समदं.”

प्रज्ञा नुसती मान हलवून पुढं आली.

“किती राहिलं?” तिनं चेतनला विचारलं.

“एक प्रश्न.”

“येत होता?”

त्यानं स्कूटर सुरू केली. “बस.”

भिंगारला घरी त्यांची आई, सुमनबाई, दारातच वाट बघत होत्या. चेतन पायरीवर बसून बूट काढू लागला.

“कसा गेला रे पेपर? वेळ पुरला का?”

प्रज्ञा अंगणातच थांबली. चेतननं बुटाची नाडी सोडवली.

“पुरला की,” तो म्हणाला. “ताईच होती ना खोलीत.”

सुमनबाई समाधानानं चहा टाकायला आत गेल्या. चेतननं दुसरा बूट काढला आणि वर न बघता तो पायरीवर जरा बाजूला सरकला, शेजारी एका माणसाला बसता येईल एवढा.