बुजवलेली खिडकी

गवंड्याने छन्नी भिंतीला टेकवली आणि हातोडा अगदी हलका मारला. गिलावा त्याच्याच हातचा होता. हलक्या घावाला तो दाद देईना.

"सावकाश," मागून वकीलबाई म्हणाल्या. "खालचं खरवडलं गेलं तर आपल्या हाती काही उरणार नाही."

तोंडी बोलीही कायद्यात चालते, हे त्यांनीच त्याला सांगितलं होतं. पण ती शाबीत करावी लागते. साक्षीदार हवा, फोनवरचा निरोप हवा, नाहीतर मालकाच्या हातचं काहीतरी. साक्षीदार नव्हता. या घराचा मालक घड्याळं दुरुस्त करायचा. तो चार महिन्यांपूर्वी वारला. मागची खिडकी गवंड्याने चुकून बुजवली, असं बायकोला सांगून गेला. तिने तक्रार केली आणि गावभर गवंड्याचं नाव पडलं, खिडकीखाऊ. तीस वर्षं लोकांची घरं बांधली, पण आता साधी फरशी बसवायलाही त्याला कुणी बोलवेना.

त्याची एक रीत होती. अक्षर येत नव्हतं, म्हणून कागदाच्या वाटेला तो जात नसे. गिलाव्याचा पहिला थर ओला असतानाच मालकाच्या हातात खिळा द्यायचा. काय काम सांगितलंत ते इथे लिहा, आणि वाचून दाखवा. मग त्यावर दुसरा थर. कागद उंदीर खातात, भिंत कोण खाणार, असं तो हसून म्हणायचा. घड्याळवाल्यानेही लिहिलं होतं आणि वाचून दाखवलं होतं: खिडकी बुजवावी.

"वहिनी, भाऊंनीच सांगितलं होतं मला."

"मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं," दाराशी उभी असलेली घड्याळवाल्याची बायको म्हणाली.

"म्हणून तर भिंतीला विचारतोय."

वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला. त्याने मऊ ब्रशने भुगा झाडला. खालून अक्षरं वर आली. वकीलबाई वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.

"खिडकी बुजवावी, असंच आहे ना?"

"नाही."

"असं कसं? त्यांनी वाचून दाखवलं होतं मला!"

बाईंनी हळू आवाजात वाचलं. "ती रोज इथे उभी राहून तळ्याकडे बघते. पोरगा वर येईल म्हणून. मला आता बघवत नाही." खाली सही आणि तारीख होती. खिडकीचा शब्दही नव्हता.

गवंडी छन्नी बाजूला ठेवून खाली बसला. इतकी वर्षं किती भिंतींवर काय काय लिहिलं गेलं असेल, कोण जाणे.

"यावर कोर्टात काही उभं राहणार नाही," वकीलबाई म्हणाल्या.

घड्याळवाल्याची बायको पुढे आली. तिने त्या ओळींवरून बोट फिरवलं, पुन्हा मागे आणलं.

"त्यांचं अक्षर, भिंतीवरसुद्धा मेलं इतकं बारीक," ती म्हणाली. मग वकीलबाईंकडे वळली. "बाई, लिहून घ्या. खिडकी त्यांनीच बुजवायला सांगितली. मी सही करते."

गवंड्याला मान वर करवेना. "वहिनी, मग खिडकी राहू द्या ना अशीच बुजलेली. भाऊंनी तुमच्यासाठीच केलं."

"उघडी होती तेव्हा तिकडे कुणी नाही, हे दिसायचं तरी," ती म्हणाली. "आता रोज संध्याकाळी भिंतीपलीकडे ओली पावलं वाजतात."

वकीलबाईंचं पेन कागदावर थांबलं. गवंडी उठला, त्याने भिंतीवर वीत टाकून माप घेतलं, पुन्हा घेतलं.

"हे लिहिलेलं खिडकीच्या बरोबर मध्ये येतंय, वहिनी. वाचवता येणार नाही."

तिने ते आणखी एकदा वाचलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मग ती दोन पावलं बाजूला सरकली.

"फोडा," ती म्हणाली.